आई खोटं बोलत नसेल

आई एखादी जुनी आठवण चुकीची सांगत असेल तर 'आईला सगळं नीट आठवतंय, ती मुद्दाम खोटं सांगते' असं कुणी म्हणतं, ते मला पटत नाही, कारण आमच्याकडे अगदी हेच झालंय. १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं तेव्हा आपण मामाच्या खांद्यावर बसून पुण्यात शिरलेलं पाणी बघत होतो असं आई कायम सांगायची आणि मामा दर वेळी चिडायचा की अगं तू तेव्हा साताऱ्याला होतीस, इथे मी एकटा होतो. यावरून एका दिवाळीत अबोलाही धरला दोघांनी. मग पूर ओसरल्यावर आजोबांनी साताऱ्याला पाठवलेलं कार्ड सापडलं, 'बेबी तिकडे आहे तेच बरं'. बेबी म्हणजे आईच.

पण आई खोटं बोलत नव्हती हो. १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांकडून बातमी कुठे, कशी कळली ते लिहून घेतलं, अडीचेक वर्षांनी परत विचारलं तर ४४ पैकी ११ जणांचं सगळंच चुकलं, कित्येकांची खात्री मात्र पक्की, आणि स्वतःच्या अक्षरातला कागद दाखवला तरी जुनं काही आठवेना. आईने मामाच्या तोंडून पूर इतक्यांदा ऐकला की ती त्यात जाऊन बसली, असं मला वाटतं.

चूक माझी झाली, मी ते कार्ड सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तेव्हापासून आई पुराचं नावच काढत नाही. मामाच आता म्हणतो, सांग की गं तुझं ते खांद्यावरचं.