नार्नियाचं शेवटचं पुस्तक: सुसानचं ते अर्धं पान गाळू की वाचू?

सांजवात

जरा सविस्तर लिहिते, प्रश्न एका ओळीत मावणारा नाही. शेवट फोडावा लागणार आहे, त्यामुळे नार्नियाचं, म्हणजे सी. एस. लुईस यांच्या मुलांसाठीच्या जादूच्या जगाच्या मालिकेचं, सातवं आणि शेवटचं पुस्तक वाचायचं राहिलं असेल तर इथेच थांबा.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. गेले सात-आठ महिने आम्ही रोज रात्री नार्निया वाचतोय. वाचतोय म्हणजे इंग्रजी पुस्तक माझ्या हातात असतं आणि मी ते तोंडाने मराठीत सांगत जाते. तिला इंग्रजी येतं, पण या गोष्टी तिला माझ्याच तोंडून आणि मराठीतच हव्या असतात. पुस्तकं ज्या क्रमाने छापली गेली त्याच क्रमाने घेतली. १९५० सालचं, कपाटातून नार्नियात शिरण्याचं पुस्तक पहिलं, १९५५ सालची नार्नियाच्या जन्माची गोष्ट सहावी. आता फक्त 'द लास्ट बॅटल' उरलंय.

पीटर, सुसान, एडमंड आणि ल्यूसी या चार भावंडांपैकी तिची सगळ्यात लाडकी आहे सुसान. ल्यूसी नाही, सुसान. पहिल्या पुस्तकात अस्लान, नार्नियाचा देवासारखा सिंह, मरायला निघतो त्या रात्री त्याच्या मागे जाणाऱ्या दोघीच असतात, ल्यूसी आणि सुसान. तो त्यांना आयाळीवर हात ठेवून चालू देतो. पीटर तिथे नाही, एडमंड नाही. हे सांगताना मुलीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की पान उलटता येईना. पुढे 'प्रिन्स कॅस्पियन'मध्ये सुसान ट्रम्पकिन नावाच्या बुटक्याला नेमबाजीत हरवते आणि लगेच त्याची समजूत काढते की तुम्ही बाण सोडलात तेव्हा वाऱ्याची झुळूक आली असावी. तो प्रसंग तिने माझ्याकडून चारदा सांगून घेतला. 'जिंकली, तरी तिला वाईट वाटलं,' असं ती येईल त्याला सांगत होती.

आणि आता सातवं पुस्तक. शेवटाकडे नार्नियाचे सगळे जुने मित्र, पीटर, एडमंड, ल्यूसी, युस्टेस, जिल, डिगरी आणि पॉली, मुकुट घालून राजा टिरियनसमोर उभे राहतात. तो विचारतो, सुसान राणी कुठे? पीटर तुटकपणे सांगतो की माझी बहीण आता नार्नियाची मैत्रीण राहिलेली नाही. जिल म्हणते, तिला हल्ली नायलॉन, लिपस्टिक आणि आमंत्रणं यांपलीकडे काही सुचत नाही. पॉलीही बोलून घेते. मग पीटर म्हणतो, जाऊ दे तो विषय, ही फळझाडं बघा. विषय संपला. सुसानचं नाव पुन्हा येतच नाही. अर्ध्या पानाचा मामला आहे.

मी तोंडाने मराठी करते, त्यामुळे ते अर्धं पान गाळलं तर तिला पत्ताही लागणार नाही. 'सुसान त्या दिवशी दुसरीकडे होती' एवढं म्हटलं की झालं. पण असं आजवर एकदाही केलेलं नाही. अस्लानचं मरण गाळलं नाही, एडमंडची फितुरी गाळली नाही. मग हे गाळू का? पुस्तकच वाचू नये असं कुणाला वाटत असेल तर तेही सांगा.

अर्धविराम

गाळू नका. 'दुसरीकडे होती' म्हणालात तर पुढचा प्रश्न येणारच, मग ती नंतर आली का? आणि ती येत नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंत येत नाही. म्हणजे तुम्हाला एक नाही, आणखी चार गोष्टी रचाव्या लागतील.

मी स्वतः यातून गेलोय. लहानपणी घरातल्या मोठ्यांनी मला एक लांबलचक गोष्ट शेवट बदलून सांगितली होती, त्यातला कुत्रा जिवंत ठेवून. सतराव्या वर्षी मूळ पुस्तक हाती आलं. कुत्रा मेल्याचं दुःख झालंच, पण माझ्या आठवणीतली ती सगळी संध्याकाळ खोटी निघाली, ते जास्त लागलं. सांगणारे आता नाहीत, त्यामुळे विचारूही शकलो नाही.

निळी_शाई

माझं मत वेगळं आहे. सहा पुस्तकं झाली आहेत, तिथेच थांबा. सातवं वाचूच नका.

मी ते तेराव्या वर्षी वाचलं. त्याच महिन्यात एका लग्नासाठी मला पहिल्यांदा लिपस्टिक लावू दिली होती. जिलचं ते वाक्य आलं आणि मी पुस्तक पालथं घातलं. आपल्यालाच कुणीतरी दाराबाहेर काढलं असं वाटलं. बर्फाच्या चेटकिणीला भाऊबहिणी विकणाऱ्या एडमंडला माफी मिळते, आणि मोठं व्हावंसं वाटणाऱ्या मुलीबद्दल मात्र चार जणांनी चार वाक्यं बोलायची आणि फळं तोडायला जायचं. हे मला तेव्हाही पटलं नाही, आज पस्तिशीतही पटत नाही.

असं वाटणारी मी एकटी नाही. फिलिप पुलमन यांनी १९९८ साली एका लेखात नार्नियावर कडक टीका केली, त्यात सुसानचा मुद्दा होता. जे. के. रोलिंग यांनीही २००५ साली एका मुलाखतीत हाच आक्षेप घेतला. ज्यांनी स्वतः मुलांसाठी जादूची जगं उभी केली त्यांनाच हे खटकलं, याला काही अर्थ आहे.

आणि सुसान सोडली तरी त्या पुस्तकात नार्नियाच्या शत्रूंचं, कॅलॉर्मेन लोकांचं, जे चित्रण आहे, सावळे, दाढीवाले, वाकड्या तलवारींचे, क्रूर, ते सावळ्या मुलीला वाचून दाखवताना तुमची जीभ अडखळणार नाही का? माझी अडखळली असती. या पुस्तकाला बालसाहित्याचं १९५६ सालचं कार्नेगी पदक मिळालं म्हणून ते मुलांच्या हाती दिलंच पाहिजे असं नाही.

शेवाळवाट

निळी_शाई, तुमचा राग समजतो, पण सुसानला कुणी हाकलून दिलेलं नाही. बाकीचे अस्लानच्या देशात, म्हणजे मरणानंतरच्या जगात, का पोचले? रेल्वेच्या अपघातात मेले म्हणून. सुसान त्या गाडीत नव्हती. ती जिवंत आहे, म्हणून ती तिथे नाही. तिचा निकाल लागलेलाच नाही.

लिपस्टिक हा तिचा गुन्हा आहे असंही मला वाटत नाही. जिलच्या आधी युस्टेस काय सांगतो ते बघा. नार्नियाचा विषय काढला की सुसान म्हणते, लहानपणी आपण खेळायचो ते गमतीचे खेळ तुमच्या अजून लक्षात आहेत? जे स्वतः जगली, ज्या आयाळीवर हात ठेवून चालली, त्याला ती खेळ म्हणते. खरी गोष्ट तिथे आहे. आणि ती अचानक आलेली नाही. 'प्रिन्स कॅस्पियन'मध्ये ल्यूसीला अस्लान दिसतो, सुसान मानत नाही, आणि नंतर कबूल करते की मनात खोलवर मला ठाऊक होतं, किंवा मी होऊ दिलं असतं तर ठाऊक झालं असतं. सांजवात, तुमच्या मुलीला ट्रम्पकिनचा प्रसंग पाठ आहे, तर हाही तिच्या लक्षात असेल.

कॅलॉर्मेनबद्दल तुमचं बरंचसं बरोबर आहे, बचाव करणार नाही. पण त्याच पुस्तकात एमेथ आहे. हा कॅलॉर्मेन सैनिक जन्मभर टॅश देवाला मनापासून भजत आला आणि अस्लान त्याला आपला म्हणतो. माझ्यासाठी ते त्या पुस्तकातलं सगळ्यात मोठं पान आहे.

लुईस यांनी १९५७ साली एका छोट्या वाचकाला पत्रात लिहिलं होतं की सुसानला सुधारायला भरपूर वेळ आहे, आणि कदाचित ती शेवटी अस्लानच्या देशात पोचेलही, तिच्या वाटेने. १९६० साली आणखी एका वाचकाला लिहिलं की तिच्या प्रवासाची गोष्ट मला लिहिता येणार नाही, ती मोठ्यांच्या कादंबरीसारखी होईल असं वाटतं, पण तूच का लिहून बघत नाहीस? ज्याने दार लावून घेतलंय असा माणूस असं लिहीत नाही.

निळी_शाई

पत्रं छान आहेत. पण मुलांच्या हातात पुस्तक असतं, पत्र नसतं. जे पुस्तकात नाही ते त्या दहा वर्षांच्या मुलीसाठी नाहीच.

लेखकाला वाटलं तर तो मागे वळू शकतो, हेही आपण पाहिलंय. 'द हॉबिट' १९३७ साली आलं तेव्हा गॉलम कोड्यांच्या खेळात हरल्यावर शब्दाला जागून अंगठी भेट द्यायला तयार होता. पुढच्या मोठ्या गोष्टीशी ते जुळेना, तेव्हा टॉल्कीन यांनी ते प्रकरण नव्याने लिहिलं आणि १९५१ च्या आवृत्तीत बदललं. उर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी या पुस्तकमालिकेत जादू शिकायचा मान पुरुषांनाच होता, बायकांची जादू म्हणजे दुबळी नाहीतर दुष्ट. तिसरं पुस्तक १९७२ साली आलं. त्यानंतर अठरा वर्षांनी, १९९० साली, त्यांनी 'तेहानू' लिहिलं, एका मध्यमवयीन बाईची आणि एका भाजलेल्या मुलीची गोष्ट, आणि आपल्याच जगाकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं. मी तुमच्या जागी असते तर सातव्या पुस्तकाऐवजी अर्थसी सुरू केलं असतं. 'तेहानू' मात्र मुलगी मोठी झाल्यावर, ते लहानांचं नाही.

पानगळ

अवांतर: क्रम. १९५७ सालच्या आणखी एका पत्रात लुईस यांनी एका मुलाला सांगितलंय की नार्नियाच्या काळानुसार, म्हणजे जन्माची गोष्ट आधी, हा तुझा क्रम मला तुझ्या आईच्या क्रमापेक्षा बरा वाटतो. तरी मला छापल्याचाच क्रम आवडतो. बर्फातला तो एकटा दिवा कुठून आला हे आधीच कळलं तर कपाटातून पहिल्यांदा बाहेर पडण्यात राहिलं काय? मूळ प्रश्नाबद्दल अर्धविराम यांना अनुमोदन.

सांजवात

वाचून झालं. उत्तर द्यायला दोन आठवडे लागले, रागावू नका.

काही गाळलं नाही. अर्धविराम यांच्या त्या कुत्र्याने ठरवलं माझं. निळी_शाई, कॅलॉर्मेनच्या वर्णनांपाशी जीभ खरंच अडखळली. तिथे मी थांबून तिला सांगितलं की लिहिणाऱ्याने हे असं लिहायला नको होतं. तिने विचारलं, मग एमेथ? मी म्हटलं, तोही त्यानेच लिहिलाय. ती बराच वेळ गप्प होती.

सुसानचं पान आलं त्या रात्री मी दुपारीच ते दोनदा वाचून ठेवलं होतं. 'नायलॉन्स'ला मराठी सापडेना. मी म्हटलं, तलम लांब मोजे. ती म्हणाली, 'मोज्यांमुळे?' मग सांगावं लागलं की युद्धाच्या काळात ते मिळेनासे झाले होते, बायकांना त्यांचं फार अप्रूप होतं. तिने मान हलवली आणि म्हणाली, पुढे वाच. मला वाटलं होतं रडेल, चिडेल, पुस्तक मिटेल. काहीच नाही. शेवाळवाट, तुमची दोन्ही पत्रं मी पाठ करून ठेवली होती, ती तशीच राहिली.

आठवड्याभराने शेवटचं प्रकरण आलं. त्यात कळतं की अपघात खराच होता आणि सगळे मेलेत, आणि ल्यूसीला दूरवर आपले आईवडील हात हलवताना दिसतात, तेही त्याच गाडीत होते. इथे मुलगी उठून बसली.

'आई-बाबापण?'

'हो.'

'म्हणजे आता सुसानकडे कुणीच नाही.'

मी हो म्हटलं.

'तिला कुणी सांगितलं असेल?'

एवढ्या वर्षांत हे पुस्तक मी तीनदा वाचलंय आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आपण इथे लिपस्टिकवर भांडलो, दार उघडं की बंद यावर भांडलो. तिला दिसली ती घरी दार उघडणारी एक मुलगी, आणि दारात उभा कुणीतरी अनोळखी माणूस. मी म्हटलं, पुस्तकात नाही लिहिलेलं. तेव्हा १९६० च्या पत्राचं सांगितलं, की एकीला लुईस म्हणाले होते तूच लिही. ती म्हणाली, 'मला नाही लिहायचं. खूप वाईट आहे ते.'

परवा तिने पहिलं पुस्तक शोधून आणलं. सगळं नको, फक्त ती रात्र वाच म्हणाली, दोघी त्याच्या मागे जातात ती. वाचलं. एका बाजूने ल्यूसी, दुसऱ्या बाजूने सुसान, मध्ये तो हळूहळू चालतोय. संपल्यावर मी दिवा मालवला. मला वाटलं झोपली. तर अंधारातून म्हणाली,

'त्या फळझाडांपाशी ल्यूसी काहीच का बोलली नाही?'

सकाळी उठून ते पान पाहिलं. पीटर बोलतो, युस्टेस बोलतो, जिल, पॉली, पुन्हा पीटर. ल्यूसी तिथेच उभी आहे, आणि तिच्या तोंडी एकही शब्द नाही.