कीट्सच्या 'अर्न'ला मराठीत काय म्हणावं?

तळटीप: एम.ए.च्या मुलांसाठी इंग्रज कवी कीट्सच्या 'ओड ऑन अ ग्रीशियन अर्न'चा गद्य अनुवाद करतेय आणि 'अर्न' या ग्रीक भांड्याच्या शब्दापाशीच अडले आहे. मी 'कलश' लिहिलं होतं. विभागातल्या एका बाईंनी खोडून 'रांजण' केलं. त्यांचं म्हणणं, कलश म्हटलं की आंब्याची पानं नि नारळच दिसतो. पण रांजण पाण्याचा, पोट सुटलेला, अर्धा जमिनीत पुरलेला. आणि शेवटच्या कडव्यात कवी त्या भांड्यावरच्या संगमरवरी स्त्रीपुरुषांविषयी बोलतो. शिवाय अर्नमध्ये मृतांची राख ठेवत. ही पिढी म्हातारपणाने संपेल, तू मात्र राहशील, असं तो त्या भांड्याला सांगतो तेव्हा राखेचं भान सुटून चालणार नाही. काय वापरू?

घाटमाथा: अस्थिकलश. तयार शब्द असताना शोधाशोध कशाला?

जुनी_वही: घाटमाथादादा, अस्थिकलश रिकामा करायचा असतो. आमच्या गावी अस्थी मडक्यात भरून, तोंडाला फडकं बांधून झाडाला टांगत, आणि मग नदीत सोडत. 'अस्थिकलश' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो पेपरात, एका पुढाऱ्याच्या बातमीत. कीट्सचं भांडं टिकतं म्हणून तर कविता उभी आहे. विसर्जनाचा शब्द तिथे उलटा पडेल. ताई, 'घट' घ्या. छोटा आहे, जुना आहे.

घाटमाथा: घट टिकतो? संतांपासून आजवर घट म्हणजे देह, आणि तो फुटायचाच!

कुंचला: आधी वस्तू डोळ्यांसमोर आणा, शब्द नंतर येईल. कीट्सचं भांडं एकाच कुठल्या संग्रहालयात मिळत नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या, सोसिबिओस या शिल्पकाराच्या संगमरवरी पात्राचं एक रेखाचित्र आहे, छापील चित्रावरून गिरवलेलं, ते कीट्सच्या हातचं मानतात. रोमच्या कीट्स-शेली हाउसमध्ये ते ठेवलंय. इंग्लंडच्या सरकारने लॉर्ड एल्गिनने अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरून आणलेली शिल्पं 1816 मध्ये विकत घेतली आणि 1817 च्या मार्चमध्ये हेडन या चित्रकाराने कीट्सला ती दाखवायला नेलं. चौथ्या कडव्यातली, कुशीवर माळा घातलेली, आभाळाकडे तोंड करून हंबरणारी कालवड पाहा. पार्थेनॉनच्या दक्षिणेकडच्या शिल्पपट्टात बळीसाठी नेलेली अशीच एक गाय मान वर करून आहे, आणि बरेच अभ्यासक तिचं नाव घेतात. 1819 ची ही कविता पुढच्या जानेवारीत पहिल्यांदा छापली गेली तीही 'अ‍ॅनल्स ऑफ द फाइन आर्ट्स' या कलेच्या नियतकालिकात. तेव्हा शब्दात पोकळ पोटापेक्षा बाहेरचं उठावाचं काम दिसायला हवं. प्रेमिकांकडे बघताना बळीची मिरवणूक मागच्या बाजूला जाते, भांड्याला फेरी मारावी लागते. म्हणून कवी इतके प्रश्न विचारतो. 'शिल्पपात्र' कसं वाटतं?

तळटीप: 'शिल्पपात्र' अचूक आहे, पण त्याला 'तू' म्हणून हाक मारता येत नाही. अख्खी कविता हाकेची आहे.

मांडवीकाठ: आमच्या गोव्यात पाण्याचा तो 'कळसो'. मराठीत 'कळशी' आहेच, तिला कंबर आहे, मान आहे, कुशीवर घेता येते. 'कळशी'ला 'तू' सहज म्हणता येतं आणि कीट्सही भांड्याला नववधूच म्हणतो.

जुनी_वही: कळशीत राख? बाई, नको.

शब्दमळा: लॅटिन 'उर्ना'चं मूळ 'जाळणे' या धातूत आहे असं माझे शिक्षक सांगत. म्हणजे भाजलेलं भांडं. माती आली की 'कुंभ' बसतो. आणि 'ग्रीशियन'साठी 'यवनी' लिहा: 'यवनी कुंभास'. यवन म्हणजे मूळचे आयोनियाचे ग्रीकच.

घाटमाथा: बखरी वाचलेला कोणीही 'यवन' म्हटल्यावर ग्रीक समजणार नाही. 'उर्ना'चं म्हणाल तर तिचं नातं 'उर्केउस', म्हणजे सुरई, या शब्दाशी जोडणारेही आहेत. व्युत्पत्तीवर अनुवाद चालत नाही. सरळ 'अर्न' लिहा, खाली टीप द्या.

शब्दमळा: असं करत गेलो तर मराठीत फक्त क्रियापदं उरतील. केशवसुतांनी चौदा ओळींच्या सॉनेटला 'चतुर्दशक' म्हटलं, हात जोडून बसले नाहीत.

घाटमाथा: आणि लोकांनी उचललं 'सुनीत', जे कानाला सॉनेटच्या जवळ आहे! माझाच मुद्दा झाला.

कुंचला: केशवसुत निघालेच आहेत तर, 1892 चं 'मयूरासन आणि ताजमहाल' हेही कलावस्तूंवरचंच सॉनेट. ताई, कीट्सशेजारी ते जरूर शिकवा. मुलांना पटकन पकडता येईल.

तळटीप: घेतेच. पण 'अर्न'चं काय? आणि 'ओड'ला, म्हणजे कुणाला उद्देशून लिहिलेल्या कवितेला, 'उद्देशिका' लिहिलं तर अर्धा वर्ग संविधान उघडेल.

शब्दमळा: 'उद्देशिका'च ठेवा. संविधानाआधीपासून तो कवितेचा शब्द आहे असं मी मानतो.

मांडवीकाठ: याच अभ्यासक्रमात इंग्रज कवी-चित्रकार ब्लेक आहे ना? त्याच्या कविता छापायच्या तांब्याच्या पत्र्यांना आमच्या पुस्तकात 'उत्कीर्ण' छापलंय.

कुंचला: चूक आहे ते. उत्कीर्ण म्हणजे कोरून खोल केलेलं. ब्लेक अम्लाला दाद न देणाऱ्या रोगणाने पत्र्यावर उलटी अक्षरं लिही. अम्ल बाकीचं तांबं खाई आणि अक्षरं नि चित्रं उंच राहत. 1789 च्या 'साँग्ज ऑफ इनोसन्स'ची पानं अशी छापून मग हाताने रंगवलेली आहेत. कलाशाळेत 'अम्लरेखन' म्हणतात, पण त्यात रेघ खाली जाते. इथे ती वर येते.

शब्दमळा: मग 'अम्लोत्थान'.

घाटमाथा: हे वर्गात एकदा मोठ्याने म्हणून बघा, मग बोलू. 'उठावाचा ठसा' म्हणा, छापखान्यातल्या माणसालाही कळेल.

जुनी_वही: 'ठसा' मला पटतो. पण हाताने भरलेला रंग त्यात कुठे आला?