मदत हवी आहे: विरळ केल्यावर फाजचे प्लाक दिसत नाहीत

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या नाल्याच्या सांडपाण्यातून ई. कोलाय जीवाणूंचे फाज (जीवाणूंना संसर्ग करणारे विषाणू) वेगळे करायचे आहेत. पाणी सेंट्रिफ्यूज करून ०.४५ मायक्रॉन फिल्टरमधून काढलं, मग यजमान जीवाणूंसोबत रात्रभर ३७ अंशांवर वाढवून पुन्हा गाळलं. या द्रवाचा ५ मायक्रोलिटर थेंब लॉनवर (अगारवर वाढलेल्या जीवाणूंच्या थरावर) टाकला की स्वच्छ डाग पडतो. दहापट विरळ केला की डाग धूसर होतो आणि शंभरपटीला नाहीसा. सुटे प्लाक (एकेका फाजमुळे थरात पडणारी स्वच्छ वर्तुळं) कुठेच नाहीत.

दुहेरी थराचं प्रमाण असं: खाली १.५ टक्के अगार, वर ०.६ टक्के, ४ मिली, ४७ अंशांवर. १०० मायक्रोलिटर नमुना आणि ०.५ ओडीचे (ओडी म्हणजे प्रकाशशोषणावरून मोजलेली दाटी) २०० मायक्रोलिटर जीवाणू, १० मिनिटं एकत्र.

मुख्य शंका कोलिसिनची (जीवाणूंनी सोडलेल्या, इतर जीवाणूंना मारणाऱ्या प्रथिनाची) आहे, कारण ते गाळणीतून जातं पण प्लाक बनवत नाही. ट्रिप्सिन (प्रथिनं तोडणारं विकर) देऊन पाहावं का? फाज टिकून राहतील ना? दुसरी शंका कॅल्शियमची. माध्यमात २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड आहे आणि विरळ करायला फॉस्फेट सलाइन वापरलं, त्यामुळे पांढरा साका येतो. त्याऐवजी एसएम बफर (फाजसाठी वापरतात ते फॉस्फेट नसलेलं द्रावण) पुरेल?

अजून एक. २०२२ मध्ये मायोव्हिरिडी, सायफोव्हिरिडी, पोडोव्हिरिडी ही फाजच्या शेपटीच्या आकारावरची कुळं रद्द झाली. मग जनुकक्रम हाती नसताना, फक्त इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच्या चित्रावरून अहवालात 'कॉडोव्हिरिसीटीस वर्ग, आकुंचन पावणारी शेपटी' (म्हणजे शेपटीवाल्या फाजचा वर्ग) एवढंच लिहावं का?