हॅमस्टरला मराठीत काय म्हणायचं?

भाचीच्या चित्रांच्या पुस्तकात हॅमस्टरखाली 'एक प्रकारचा उंदीर' असं छापलंय, मला ते काही पटेना. याची शेपूट इतकीशी की केसांत दिसतही नाही. कुरतडणारे प्राणी म्हणून दोघं एका गणात बसतात, पण त्या हिशोबाने खारीलाही उंदीरच म्हणावं लागेल ना? याला मराठी शब्द आहे का?

प्रतिसाद : वेगळा शब्द नाही आणि घडवायची गरजही नाही असं माझं स्पष्ट मत आहे, गिनीपिगला आपण गिनीपिगच म्हणतो तसं. (गिनीपिग वेगळा बरं का, तो बराच मोठा असतो आणि त्याला हॅमस्टरसारख्या गालात पिशव्या नसतात.) हॅमस्टर हा शब्द जर्मनमधून आलाय. घरोघरी पाळतात तो बहुतेक सोनेरी हॅमस्टर, १८३९ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ वॉटरहाऊस यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, आणि १९३० मध्ये सीरियात अलेप्पो शहराजवळ प्राणिशास्त्रज्ञ आहारोनी यांना एका बिळात मादी आणि तिची पिल्लं सापडली, आजचे पाळीव सोनेरी हॅमस्टर बहुतेक सगळे त्या एका बिळातल्या कुटुंबाचे वंशज.

पण नाव उसनं असलं तरी त्याचं वागणं सांगायला मराठीत अगदी चपखल शब्द आहे : तोबरा. मैत्रिणीकडे मी जवळून बघितलंय, सूर्यफुलाच्या बिया एकामागून एक आत सारत होता, बघता बघता दोन्ही गाल खांद्यापर्यंत फुगले, मग घरट्याच्या कोपऱ्यात जाऊन पुढच्या पायांनी गाल मागून पुढे दाबत सगळ्या बिया बाहेर काढल्या, एकही न फोडता! म्हणजे तो खात नव्हताच, वाहून नेत होता. भाचीला 'गालात तोबरा भरून नेणारा प्राणी' सांगा, लगेच कळेल.

प्रतिसाद : तोबरा आवडला. जर्मनमध्ये यावरूनच 'हाम्स्टर्न' असं क्रियापद आहे, अर्थ साठा करून ठेवणे, आणि २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी लोक घाबरून सामान भरून ठेवायला लागले तेव्हा त्या खरेदीला 'हाम्स्टरकाउफ' म्हणत होते. याला मराठीत साठेबाजी म्हणायचं का?

प्रतिसाद : माणसांबद्दल असेल तर साठेबाजी चालेल, त्यात दुसऱ्याची अडवणूक येते. हॅमस्टरबद्दल मात्र बेगमी म्हणा, तो बिचारा पुढच्या दिवसांची सोय करतो, भाव चढवायला थोडाच साठवतो.

अजून एक, 'हॅमस्टरच्या चाकावर पळतोय' असं हल्ली लिहितात, म्हणजे दिवसभर धावायचं आणि पोचायचं कुठेच नाही, त्याला आपला घाण्याचा बैल जवळचा आहे पण तंतोतंत नाही. बैलाला जुंपलेलं असतं, हॅमस्टर स्वतःहून चाकावर चढतो, रात्रभर पळतो, कोणी हाकत नाही. त्यामुळे नोकरीला जुंपलेल्या माणसाला घाण्याचा बैलच म्हणावं, आणि आपणहून थांबत नाही त्याच्यासाठी चाक ठेवावं.

प्रतिसाद : आणि अनेकवचन? हॅमस्टर्स लिहू की हॅमस्टर?

प्रतिसाद : उंदीर कसा, एक उंदीर दोन उंदीर, तसंच एक हॅमस्टर दोन हॅमस्टर, आणि पुढे हॅमस्टरांना, हॅमस्टरांचं. मादीला सरळ हॅमस्टरची मादी म्हणा. फक्त हे अनेकवचन वाक्यातच राहू द्या, सोनेरी हॅमस्टर मोठे झाले की एकेकटेच राहतात, एका पिंजऱ्यात दोन ठेवले तर एकमेकांना चावून जखमी करतात, कधी मारूनही टाकतात. भाचीला पाळायचा असेल तर हे आधी सांगा.