सिनिअर पिक्चर्स: किती खर्च आला आणि कशावर?

मंडळी, आमची थोरली ऑगस्टपासून बारावीत. मे महिना उजाडल्यापासून घरी रंगीत पोस्टकार्डं येताहेत: ‘सिनिअर पोर्ट्रेटची वेळ आजच ठरवा’ (अमेरिकेत बारावीच्या मुलांना सिनिअर म्हणतात, हे त्यांचे खास फोटो). एक शाळेच्या ठरलेल्या स्टुडिओचं, बाकीची गावातल्या निरनिराळ्या फोटोग्राफरांची. शेजारणीने लेकाच्या फोटोंवर बाराशे डॉलर घातले, आणि त्याच शाळेत मूल असलेल्या ऑफिसातल्या मैत्रिणीने छदामही दिला नाही. हे गणित काही सुटेना. आपल्या वेळी दहावीच्या निरोप समारंभाला एक ग्रुप फोटो निघायचा, पुढे खुर्च्यांवर सर आणि बाई, मागे बाकांवर उंच मुलं, संपलं.

अमेरिकेत ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी लिहा. कुठलं राज्य, किती गेले, मुलांनी काय घातलं, कशावर पैसे टाकले नसते तरी चाललं असतं. मुलांनी स्वतः लिहिलं तर फारच छान.

न्यू जर्सी, दोन मुलींची आई

आधी एक गोष्ट वेगळी करा म्हणजे निम्मी काळजी जाईल. हे दोन फोटो आहेत. पहिला इयरबुकचा, म्हणजे शाळेच्या वार्षिक स्मरणिकेचा. तो शाळेने करार केलेला स्टुडिओ काढतो. आमच्याकडे मुलींना खांद्यांवरून गुंडाळायचं काळं मखमली कापड, म्हणजे ड्रेप, मुलांना टक्सिडो, म्हणजे समारंभाचा काळा सूट. टक्सिडो म्हणजे फक्त पुढचा भाग, मागून बांधायचा, खाली मुलांची बास्केटबॉलची चड्डी तशीच. सगळ्यांची पार्श्वभूमी एक, मान वळवायची दिशाही एक. यासाठी आमच्या शाळेत पैसे लागले नाहीत. काही शाळांत थोडी सिटिंग फी, म्हणजे फोटोला बसायचे पैसे, असते.

दुसरा फोटो हौसेचा. तो काढलाच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.

गंमत पहिल्या फोटोनंतर सुरू होते. आठवड्याभरात प्रूफ, म्हणजे नमुन्याचे फोटो येतात, प्रत्येकावर आडवा वॉटरमार्क. मग पॅकेजेस. एक ८ बाय १० इंची, दोन ५ बाय ७, आठ वॉलेट साइज (पाकिटात मावणारे), याचे दोनशेच्या वर. चेहऱ्यावरची पुटकुळी काढायची तर रिटचिंग वेगळं. डिजिटल फाइल हवी तर ती सगळ्यात महाग पॅकेजमध्ये. दर दोन दिवसांनी ईमेल की सूट आज रात्री संपतेय (संपत नाही, थँक्सगिव्हिंगला परत येते). ‘फुकट’ फोटोचे पैसे स्टुडिओ इथून वसूल करतो, आणि अनेक करारांत शाळेलाही त्यातला वाटा मिळतो. पण काही म्हणजे काही विकत घेतलं नाही, तरी इयरबुकमध्ये फोटो छापला जातोच. थोरलीच्या वेळी दोनशे वीस गेले, धाकटीच्या वेळी शून्य. इयरबुकात दोघी सारख्याच दिसतात.

मिनेसोटा, हॉकीवाल्याचा बाबा

न्यू जर्सीच्या ताई, तुम्ही सुखी आहात. आमच्याकडे खरा धर्म तो दुसरा फोटो. मिडवेस्टात, म्हणजे देशाच्या उत्तर-मध्य भागात, इयरबुकसाठी बऱ्याच शाळा बाहेरच्या फोटोग्राफरचा फोटो चालवून घेतात: फोटो आडवा नको, उभ्या आकाराचा हवा, हातवारे नकोत, अमुक तारखेपर्यंत द्या. त्यामुळे प्रत्येक घर आपापला फोटोग्राफर गाठतं. शालेय फोटोंमधली बडी कंपनी लाइफटच १९३६ साली याच राज्यात सुरू झाली, आणि शाळेची आठवण म्हणून घ्यायच्या वर्गाच्या अंगठ्या नि इयरबुकं करणारी जॉस्टन्स १८९७ साली इथल्याच ओवाटोना गावात. तेव्हा हवेतच आहे म्हणा.

आमचा हिशोब: सेशन फी २५०. ऐकायला ठीक. पण त्यात एकही फोटो नाही! ती फक्त फोटोग्राफरच्या वेळेची. नंतर ‘किमान खरेदी’ ४००. मग लेकाला हॉकीच्या पूर्ण वेषात रिंकवर हवा होता, त्याचे वेगळे. टीमच्या सिनिअर नाइटला, म्हणजे बारावीच्या खेळाडूंच्या सत्काराच्या सामन्याला, गॅलरीत लावायचं बॅनर, ते बूस्टर क्लबकडून (टीमला मदत करणारं पालकांचं मंडळ). शेवटी नऊशेच्या आसपास.

एवढे फोटो लागतात कुठे, तर जूनमधल्या ओपन हाऊसला. इथे बारावी झालेल्या प्रत्येक घरी गॅरेजमध्ये नाहीतर अंगणात तंबू टाकून जेवण असतं आणि एका टेबलावर जन्मापासूनचे फोटो. मध्यभागी सिनिअर पोर्ट्रेट, बाजूला कार्डं टाकायची पेटी. पुलाव आणि पावभाजी ठेवली होती. लेकाचे प्रशिक्षक पावभाजीच्या टेबलापासून हलले नाहीत, फोटो कोण बघतंय.

एक सल्ला: इथला उन्हाळा छोटा. चांगल्या फोटोग्राफरांच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या, पानं रंगतात तेव्हाच्या तारखा एप्रिलमध्येच भरतात.

टेक्सास

सेशन ऑगस्टमध्ये अजिबात घेऊ नका. लेकीचा मेकअप पार्किंगमध्येच उतरला. इकडे बरेच जण मार्चअखेर-एप्रिलमध्ये ब्लूबॉनेट या निळ्या रानफुलांच्या ताटव्यात काढतात. तोवर इयरबुकची मुदत उलटलेली असते, पण ग्रॅज्युएशनच्या, म्हणजे बारावी पूर्ण झाल्याच्या समारंभाच्या कार्डांना चालतात. फुलांत बसायच्या आधी साप बघा. थट्टा नाही.

नाशिक, आजी

माझा नातू इंडियानात. त्याचा फोटो आला, जाड कागदावर, शाळेचं नाव सोनेरी अक्षरांत. मी आधी म्हटलं लग्नाची पत्रिका! सुनेने सांगितलं, आई, हे ग्रॅज्युएशनचं कळवणं आहे, यायची अपेक्षा नसते. बरं. पण पोरगा रेल्वेच्या रुळांवर बसलाय फोटोत. आमचे हे सदतीस वर्षं रेल्वेत होते, त्यांनी फोटो उलटा करून ठेवला. ही काय पद्धत?

मिनेसोटाचा बाबा पुन्हा

आजी, आजोबांचं बरोबर आहे. रुळांवरचे फोटो इथे एके काळी फार चालायचे, पण ते रेल्वेच्या खासगी जागेत घुसणं धरलं जातं आणि जीव गेल्याच्या घटना आहेत. ऑपरेशन लाइफसेव्हर नावाची संस्था खास सिनिअर फोटोंचं नाव घेऊन इशारे देते. फोटोग्राफरने तशी जागा सुचवली तर फोटोग्राफर बदला.

जॉर्जिया, हौशी-कम-धंदेवाईक फोटोग्राफर

मी आठवडाभर सॉफ्टवेअर आणि शनिवार-रविवारी कॅमेरा. मराठी मंडळातल्या मुलांचे सिनिअर फोटो काढतो, तेव्हा दुसऱ्या बाजूनेही थोडं ऐका.

दोन तासांच्या सेशनमागे निवडणं आणि रंगसंस्कार यांत एक अख्खा दिवस जातो. लेन्स, विमा, सेल्स टॅक्स, बागेत काढायचं तर बागेचं परमिट. मी ३५० घेतो आणि तीस फाइली देतो. जे हजार-दीड हजार घेतात त्यांच्याकडे मेकअप, तीन-चार वेष, भिंतीवर लावायची मोठी फ्रेम असं सगळं असतं. काहींचे फोटो खरंच माझ्यापेक्षा चांगले असतात, काहींचा फक्त स्टुडिओ चांगला असतो.

पैसे देण्याआधी हे विचारा. फाइली मिळणार का, आणि सोबत लेखी प्रिंट रिलीज, म्हणजे प्रती छापून घ्यायची परवानगी, मिळणार का? अमेरिकन कायद्यात फोटोचा कॉपीराइट वेगळा करार नसेल तर काढणाऱ्याकडे राहतो. तुम्ही पैसे दिले, मूल तुमचं, तरीही. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात प्रिंट काढायला गेलात आणि फोटो व्यावसायिक वाटला, तर काउंटरवरची मुलगी तो कागद मागू शकते.

आणि ‘सिनिअर मॉडेल’ किंवा ‘रेप्रेझेंटेटिव्ह’ (प्रतिनिधी) म्हणून मुलांना इन्स्टाग्रामवरून निरोप येतात. त्याचा अर्थ सूट मिळेल, पण मुलाने वर्षभर त्या फोटोग्राफरची जाहिरात करायची. फसवणूक नाही, फक्त काय कबूल करतोय ते वाचून घ्या.

कॅलिफोर्निया, २०२० ची सिनिअर

नमस्कार, आईने लिंक पाठवली. माझं मराठी लिहिणं थोडं कच्चं आहे.

आमचे ड्रेपवाले फोटो २०१९ च्या फॉलमध्ये (पानगळीत) झाले. मला तो ड्रेप अजिबात आवडला नव्हता, आईला म्हटलं एकही विकत घेऊ नको. मग मार्चमध्ये कोविडमुळे शाळा बंद झाली. प्रॉम (शाळेची नाचाची पार्टी) नाही, ग्रॅज्युएशन नाही, गाडीत बसून डिप्लोमा, म्हणजे शाळा संपल्याचं प्रमाणपत्र, घेतला. त्या वर्षी तयार होऊन काढलेला तेवढाच एक फोटो. आईने मे महिन्यात स्टुडिओला फोन करून ऑर्डर केली.

तेव्हा फेसबुकवर मोठी माणसं आमच्या वर्गाला पाठिंबा म्हणून स्वतःचे जुने सिनिअर फोटो टाकत होती. (यातून शाळेचं नाव आणि वर्ष ऑनलाइन चोरांना मिळतं, अशीही बातमी आली होती.) बाबांनाही टाकायचा होता, पण त्यांच्याकडे फक्त बारावीच्या हॉल तिकिटावरचा होता, अर्ध्या चेहऱ्यावर बोर्डाचा शिक्का. त्यांनी तोच टाकला. त्याला माझ्या फोटोपेक्षा जास्त लाइक्स मिळाले.

बॉस्टनजवळ, निवृत्त ग्रंथपाल

ही हौस आजची नाही. १८५० च्या दशकाच्या अखेरीस आणि १८६० च्या दशकात जॉर्ज के. वॉरन नावाचा मॅसॅच्युसेट्सचा फोटोग्राफर हार्वर्ड, येल वगैरे कॉलेजांच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे फोटो काढायचा. त्याआधीच्या डगेरोटाइपची, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरच्या फोटोची, एकच प्रत निघे. निगेटिव्हवरून कितीही प्रती काढता येऊ लागल्या आणि तिथेच धंदा उभा राहिला: विद्यार्थी स्वतःचाच नव्हे तर मित्रांचे, प्राध्यापकांचे, कॉलेजच्या इमारतींचेही फोटो विकत घेत आणि चामड्यात बांधून घेत. ते अल्बम म्हणजे इयरबुकचे पूर्वज. माझ्या मुलांच्या वेळी, नव्वदच्या दशकात, वॉलेट साइजच्या मागे दोन ओळी लिहून वाटायची पद्धत जोरात होती. आठ पुरत नसत. आता मुलं फोनवरच पाठवतात, तरी पॅकेजमध्ये वॉलेट आठच्या पटीतच येतात.

नॉर्थ कॅरोलिना, नऊवारीवाली आई

लेकीने इयरबुकसाठी ड्रेप घातला, काही बोलली नाही. हौसेच्या सेशनला मात्र म्हणाली, आज्जीची हिरवी नऊवारी. फोटोग्राफर अमेरिकन, बिचारी घाबरलेली, कुठे हात लावला तर सुटेल म्हणून. मी दोन दिवस आधी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंकडून काष्ट्याची उजळणी केली. शाळेच्या फुटबॉल मैदानावर, नऊवारी आणि कमरेला मंडळाच्या पथकातला ढोल. मैदानावर सराव करणारं मार्चिंग बँड थांबून बघत होतं, मग त्यांच्यातल्या ड्रमवाल्यांनी ढोल वाजवून बघितला. ३०० डॉलर, वीस फाइली, आणि यातला एकही डॉलर मला जड गेला नाही. शेजारच्या घरातल्या मुलाने ट्रक, लॅब्रेडोर आणि मासेमारीचा गळ यांच्यासोबत काढला होता, त्यापुढे ढोल म्हणजे साधंच.

इलिनॉय, नाव नको

ड्रेपवरून थोडं. आमच्या मुलीला तो घालायचाच नव्हता, तिला सूट हवा होता. शाळेच्या समुपदेशकांना ईमेल केली, त्या म्हणाल्या घालू दे. इतकं सोपं झालं. सगळीकडे नसतं. मिसिसिपीत एका मुलीने टक्सिडोत फोटो काढला म्हणून तिचा फोटो सिनिअर पानांवर छापलाच नाही. २०१० मध्ये एसीएलयू या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने तिच्या वतीने खटला भरला, आणि २०११ च्या तडजोडीत तिथल्या शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टने सगळ्या मुलामुलींसाठी टोपी आणि गाऊन हा एकच वेष ठरवला. तुमच्या मुलाला पेहराव पटत नसेल तर स्टुडिओतल्या रांगेत वाद घालू नका, आधी शाळेला विचारा.

धागाकर्ती

किती छान लिहिताय सगळे! नवऱ्याला ‘सेशन फीमध्ये एकही फोटो नाही’ हे दोनदा वाचून दाखवलं. शाळेच्या स्टुडिओची जुलैची वेळ घेतली, पॅकेज नाही. हौसेच्या सेशनसाठी लेकीचा आग्रह आहे की तिच्या मैत्रिणीचा भाऊ कॅमेरा शिकतोय, त्यालाच ५० डॉलर द्यायचे. देऊन बघते. नाशिकच्या आजी, रूळ नाहीत, शब्द देते.

ज्यांच्या मुलांना फोटोच नको असतात त्यांच्यापैकी कोणी आहे का इथे?

मिशिगन

आहे की. लेकाने स्टुडिओच्या दोन्ही तारखा चुकवल्या, तिसरी, राहिलेल्यांसाठीची, तीही. मी धमक्या दिल्या, बापाने लाच देऊ केली. इयरबुकमध्ये सिनिअर पानांच्या शेवटी बारीक टायपात यादी असते, ‘नॉट पिक्चर्ड’ (फोटो नसलेले). त्यात याचं नाव, आणि लगेच खाली-वर याच्या रोबॉटिक्स टीममधली बाकीची चारही नावं. ठरवून केलं होतं कार्ट्यांनी. इयरबुकचे ८५ डॉलर मात्र मी भरले.