शब्दचर्चा : ‘बुशरेंजर’ म्हणजे दरोडेखोर, बंडखोर की आणखी काही?

पृच्छा

ऑस्ट्रेलियातील आरंभीच्या चित्रपटांवरील एका दीर्घ लेखाचे मराठी भाषांतर सध्या माझ्याकडे आहे. लेखाचा मोठा भाग ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’ या चित्रपटाविषयी आहे. चार्ल्स टेट यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २६ डिसेंबर १९०६ रोजी मेलबर्नच्या अथेनियम सभागृहात प्रथम दाखवला गेला. तासाभराहून अधिक चालणारा असल्यामुळे जगातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. त्याचा नायक नेड केली हा ‘बुशरेंजर’. येथे ‘दरोडेखोर’ लिहिले, तर प्रेक्षकांना त्याची एवढी ओढ का होती आणि सरकारला त्याची भीती का वाटली, हे दोन्ही प्रश्न वाचकाच्या मनात येतच नाहीत. ‘बंडखोर’ लिहिले, तर लेखकाने न घेतलेली बाजू भाषांतरकाराने घेतल्यासारखे होते. याखेरीज ‘स्क्वॉटर’, ‘सिलेक्टर’ आणि मूकपटाच्या वेळी बोलणारा ‘लेक्चरर’ हे शब्दही अडले आहेत. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १

आधी ‘बुश’ पाहू, कारण खरी अडचण तिथेच आहे. या शब्दाचा कोशातला अर्थ झुडूप असला, तरी ऑस्ट्रेलियात शहर सोडल्यावर लागणारा विरळ वस्तीचा सगळा मुलूख म्हणजे बुश. त्यात झाडी आली, माळ आला आणि शेतेही आली. आपल्याकडे ‘तो रानात गेला आहे’ असे म्हणताना आपण जंगलाविषयी बोलत नसतो, शेताविषयी बोलत असतो. या अर्थाचे ‘रान’ बुशच्या बरेच जवळ जाते, ‘जंगल’ मात्र चालणार नाही.

आता ‘रेंजर’. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द रूढ झाला तेव्हा तो इंग्लंड-आयर्लंडहून हद्दपार करून आणलेल्या आणि वसाहतीतून पळून रानात राहू लागलेल्या कैद्यांसाठी वापरला जाई. १८५१ मध्ये सोने सापडले आणि त्यानंतर सोन्याच्या गाड्या व टपालाच्या बग्ग्या लुटणारे लोक या नावाने ओळखले जाऊ लागले. नेड केली ही तिसरी पिढी. तो तिथेच जन्मला होता, आयरिश कैद्याचा मुलगा आणि गरीब शेतकरी कुटुंबातला होता. ऑक्टोबर १८७८ मध्ये स्ट्रिंगीबार्क क्रीक येथे त्याच्या टोळीच्या हातून तीन पोलीस मारले गेले. त्यानंतर व्हिक्टोरिया वसाहतीच्या विधिमंडळाने खास कायदा करून त्यांना कायद्याचे संरक्षण नसलेले ठरवले, म्हणजे त्यांना कोणीही, कोणतीही ताकीद न देता, गोळी घालू शकत होता. मराठीत ‘दरोडेखोर’ म्हटल्यावर गुन्ह्याचा प्रकार तेवढा कळतो. पळालेला कैदी, रानाची माहिती आणि कायद्याने तोडून टाकलेला माणूस या तिन्ही छटा त्यात येत नाहीत. माझ्या मते शब्द मूळ रूपातच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात एका वाक्याचा खुलासा द्यावा.

प्रतिसाद २

मूळ शब्द ठेवणे ही भाषांतरकाराची सोय आहे, वाचकाची नव्हे. आपल्याकडे यासाठी ‘बंडवाला’ हा जुना शब्द आहे. इंग्रज सरकारच्या कागदपत्रांत वासुदेव बळवंत फडके यांच्या कृत्यांना दरोडेच म्हटले होते, लोकांनी मात्र त्याला ‘फडक्यांचे बंड’ म्हटले. ते बंड १८७९ मधले. केलीने जेरिल्डरी गावी बँक लुटताना मागे ठेवलेले, पोलिसांच्या आणि सरकारच्या अन्यायांविषयीचे प्रदीर्घ ‘जेरिल्डरी पत्र’ लिहवून घेतले, तेही १८७९ मध्येच. एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना, एकाच वर्षी, सरकारचा शब्द आणि लोकांचा शब्द असे वेगळे पडले होते. ती फारकत ‘बंडवाला’ या शब्दात नेमकी येते.

प्रतिसाद ३

वर्ष जुळते, म्हणून अर्थ जुळेलच असे नाही. फडक्यांना राज्य उलथवायचे होते आणि दरोडे हे त्यासाठी पैसा उभा करण्याचे साधन होते. केलीच्या पत्रात राग आहे तो पोलिसांवर, न्यायाधीशांवर आणि गरिबांची जनावरे कोंडवाड्यात घालणाऱ्या बड्या जमीनमालकांवर. राज्याचा आराखडा त्यात सापडणे कठीण आहे. तुलना करायचीच असेल, तर १८७५ मध्ये सुप्यापासून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांशी करावी. तिथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, इथे जेरिल्डरीच्या बँकेत टोळीने पैसे लुटलेच, शिवाय कर्जाचे कागदही जाळले. दोन्हीकडे राग होता तो आपल्याला बांधून टाकणाऱ्या कागदावर. तरीही दंगेखोर शेतकरी आणि बुशरेंजर एक नव्हेत.

शिवाय मूळ पृच्छा चित्रपटाविषयी आहे. चित्रपटापर्यंत येताना हा शब्द आणखी एका वळणावरून गेला होता, ते वळण रंगभूमीचे. ११ नोव्हेंबर १८८० रोजी नेडला मेलबर्नच्या तुरुंगात फाशी दिले गेले आणि त्याच रात्री त्याची बहीण केट व भाऊ जिम यांना त्याच शहरात तिकीट लावून लोकांपुढे उभे करण्यात आले. त्यानंतर बुशरेंजरांवरची नाटके आली, घोड्यांसह रंगमंचावर आली, आणि त्यांतूनच प्रेक्षकांना हवी ती प्रतिमा घडली : स्त्रियांशी अदबीने वागणारा, पोलिसांची फजिती करणारा, शेवटी शौर्याने पडणारा. १९०६ च्या प्रेक्षकाने तिकीट काढले ते या ‘बुशरेंजर’साठी. हा प्रेक्षक १९०१ मध्ये सहा वसाहती एकत्र येऊन झालेल्या राष्ट्राचा नागरिक होता, आणि स्वतःची म्हणता येईल अशी गोष्ट त्याला हवी होती. इतिहासातला केली आणि तिकीटबारीवरचा केली यांना एकच मराठी शब्द लावण्याचा हट्ट कशासाठी? लेख चित्रपटाचा आहे, तेव्हा तिकीटबारीवरच्या केलीचे नाव महत्त्वाचे, आणि ते नाव त्या प्रेक्षकांच्या तोंडी ‘बुशरेंजर’ असेच होते.

बंदीचा इतिहासही हेच सांगतो. १९०७ मध्ये बेनाला आणि वांगराटा या केलीच्या मुलखातल्या गावांत या चित्रपटाला मनाई झाली. पुढे १९११ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाने आणि १९१२ मध्ये न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरिया यांनी बुशरेंजरपटांवरच बंदी आणली. गुन्हेगार नायक होतो आणि पोलीस हास्यास्पद ठरतात, हा आक्षेप होता. पडद्यावर नुसता दरोडा दिसला असता, तर कोणाची हरकत नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या चित्रपटधंद्याला स्वतःचा म्हणून लाभलेला पहिला लोकप्रिय प्रकार सरकारी हुकुमाने असा ऐन भरात मोडला, याचा उल्लेख आपल्या लेखात असेलच.

प्रतिसाद ४

‘स्क्वॉटर’विषयी सावध करतो. आजच्या मराठी वाचकाला हा शब्द ऐकून अतिक्रमण करून राहणारा गरीब माणूस आठवेल. ऑस्ट्रेलियात नेमके उलट आहे. सरकारी जमिनीवर परवानगीशिवाय मेंढ्यांचे कळप घेऊन बसलेले लोक पुढे परवानेधारक झाले, हजारो एकर कुरणे त्यांच्या ताब्यात गेली आणि तेच त्या समाजातले बडे लोक ठरले. ‘बडे कुरणमालक’ म्हणावे. ‘सिलेक्टर’ म्हणजे १८६० नंतरच्या जमीनकायद्यांखाली लहान तुकडा निवडून, हप्ते फेडत, कुंपण घालत, तो कसणारा शेतकरी. ‘लहान खातेदार’ हा शब्द आपल्याकडे तलाठ्यापासून सर्वांना कळतो. केली कुटुंब या दुसऱ्या वर्गातले.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. ‘सरकारने पडीक जमीन वाटली’ असे वाक्य भाषांतरात येऊ देऊ नये. ती पडीक नव्हती. कुरणमालक आणि खातेदार ज्या जमिनीसाठी भांडत होते, ती मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती, आणि केलीच्या टोळीचा माग काढायला पोलिसांनी क्वीन्सलंडहून आणलेले माग्ये याच मूळ रहिवाशांपैकी होते. बुशरेंजरपटांत जमिनीचा जो तंटा दिसतो, तो गोऱ्यांचा आपापसांतला तंटा आहे.

प्रतिसाद ५

‘मूकपट’ हा शब्दच १९०६ साठी गैरसोयीचा आहे. बोलपट आल्यावर आधीच्या चित्रपटांना हे नाव मिळाले. केलीचा खेळ तर मुळीच मूक नव्हता. पडद्याशेजारी उभा राहून एक माणूस प्रसंग समजावून सांगे, पडद्यामागे नारळाच्या करवंट्या आपटून घोड्यांच्या टापा काढल्या जात आणि गोळीबाराच्या प्रसंगी कोरी काडतुसे उडवली जात. या बोलणाऱ्याला ‘व्याख्याता’ म्हणू नये, त्याने महाविद्यालयाचा वास येतो. ‘निवेदक’ पुरे. ‘चित्रकथी’ हा शब्द मोहात पाडणारा आहे, कारण पिंगुळीचे चित्रकथी चित्रे पुढे धरून कथा सांगतात. पण ती एक जिवंत परंपरा आहे आणि तिचे नाव उसने घेणे मला बरोबर वाटत नाही.

जाता जाता : हलती चित्रे मुंबईत आणि सिडनीत नेणारा माणूस एकच होता. लुमिएर बंधूंचा प्रतिनिधी मारियस सेस्तिए याने ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात खेळ केला, तिथून तो ऑस्ट्रेलियाला गेला, सप्टेंबरात सिडनीत खेळ सुरू केले आणि नोव्हेंबरात छायाचित्रकार हेन्री वॉल्टर बार्नेट यांच्यासह मेलबर्न कपची घोड्यांची शर्यत टिपली. आपल्या लेखात त्याचे नाव आले, तर मराठी वाचकासाठी मुंबईचा अर्धा ओळीचा उल्लेख जरूर करावा.

प्रतिसाद २ चे लेखक, पुन्हा

तिकीटबारीवरचा केली वेगळा, हा मुद्दा मान्य. पण परका शब्द तसाच ठेवला की लेख परका होतो, हे माझे म्हणणे कायम आहे.

प्रतिसाद ३ चे लेखक, पुन्हा

काही वेळा तो परकाच राहू द्यावा. दिग्दर्शक रेमंड लाँगफर्ड यांचा १९१९ चा चित्रपट ‘द सेंटिमेंटल ब्लोक’ पाहा. त्यातल्या पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या पाट्या कवी सी. जे. डेनिस यांच्या ऑस्ट्रेलियन बोलीतल्या पद्यावरून घेतल्या होत्या आणि घरच्या प्रेक्षकांनी त्या डोक्यावर घेतल्या. अमेरिकेसाठी मात्र पाट्या तिकडच्या बोलीत बदलाव्या लागल्या. कथा तीच राहिली, पण नायक कोणत्या गल्लीतला हे कळेनासे झाले.

मूळ पृच्छक

सर्वांचे आभार. ‘बुशरेंजर’ ठेवतो आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘कायद्याचे संरक्षण गमावून रानाच्या आश्रयाने लूटमार करणारा, आणि पुढे नाटक-चित्रपटांनी नायक केलेला’ एवढा खुलासा देतो. पोलिसांचे अहवाल उद्धृत होतात तिथे ‘दरोडेखोर’च राहील. कुरणमालक, लहान खातेदार आणि निवेदक हे तिन्ही शब्द घेतले. एक शंका उरली आहे. चित्रपटाचा जो थोडा भाग आज शिल्लक आहे, त्यात खराब झालेल्या फितीच्या डागांमधून नेड लोखंडी पोशाखात गोळ्या झाडताना दिसतो. या पोशाखाला कवच म्हणावे की चिलखत?

प्रतिसाद ४ चे लेखक, पुन्हा

चिलखत. कवच देवाने किंवा मंत्राने मिळालेलेही असू शकते. हे तर नांगराचे पत्रे ठोकून बनवलेले, चाळीस किलोहून जड होते. डोक्यावरच्या भागाला ‘शिरस्त्राण’ वेगळे म्हणावे. मात्र ‘सर्वांगाला चिलखत’ असे लिहू नये : पाय उघडे होते, आणि जून १८८० मध्ये ग्लेनरोवन येथे पोलिसांनी त्याला पाडले ते पायांवर गोळ्या झाडूनच.