इनडिझाइनमधील देवनागरी: अडोबीने मराठी वापरकर्त्यांची गरज कितपत ओळखली?

अंकसंपादक:
आमचा दिवाळी अंक यंदा जुने फॉन्ट सोडून युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामायिक संकेतप्रणालीत, काढण्याचा विचार आहे. अडोबीच्या इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रणालीची वर्गणी भरण्यापूर्वी विचारावेसे वाटते, की मराठी वापरकर्त्यांच्या गरजांना या कंपनीने आजवर कसा प्रतिसाद दिला आहे?

पानमांडणी:
नमस्कार. प्रतिसाद दिला, पण फार उशिरा. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे आणि विंडोज २००० मध्ये ती व्यवस्थित उमटत होती. इनडिझाइनमध्ये मात्र मराठीसह भारतीय भाषांची अधिकृत सोय व्हायला २०१२ ची सीएस६ आवृत्ती उजाडली. तोवर आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी (संगणकावर पाने लावणाऱ्यांनी) पेजमेकर ही पानमांडणीची जुनी प्रणाली आणि श्रीलिपी, आकृती हे जुन्या धाटणीचे फॉन्टसंच यांच्यावरच निभावून नेले. मला खटकते ते वेगळेच. देवनागरी जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर (कंपोझर म्हणजे अक्षरे ओळीत जुळवणारा इनडिझाइनचा भाग) २००८ च्या सीएस४ मध्येच होता, पण तो मेन्यूत दिसत नसे आणि त्यासाठी बाहेरच्या प्लगिनचा (जोड-प्रणालीचा) आधार घ्यावा लागे. काम तयार असूनही वापरणाऱ्याच्या हाती न देणे, याला मी गरज ओळखणे म्हणणार नाही.

जोडाक्षर:
वरील मताशी सहमत आहे. सीएस६ मध्येही साधा कंपोझर निवडलेला राहिला, तर ‘किल्ला’ या शब्दातली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन पडे आणि जोडाक्षर सुटून ल चा पाय मोडलेला दिसे. वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडला की तोच मजकूर ताळ्यावर येई. ज्याला हे ठाऊक नाही, तो दोष फॉन्टला देणार आणि जुन्या फॉन्टकडे परतणार.

मुक्तमुद्रक:
एक बाजू अडोबीचीही मांडली पाहिजे. स्क्रायबस या मुक्त प्रणालीत अशा लिप्यांची सोय २०१७ च्या १.५.३ या विकासाधीन आवृत्तीत आली आणि स्थिर १.६ आवृत्ती थेट जानेवारी २०२४ मध्ये निघाली, म्हणजे पैसे घेणारी कंपनी इथे पुढेच होती. मात्र सुधारणांचा क्रम वापरकर्त्यांच्या मतसंख्येकडे पाहून ठरू लागला, की मराठीसारख्या भाषेची मागणी मागे पडते, कारण आपल्यापैकी फार थोडे जण ती लेखी नोंदवतात. आपण आधी चाचणी आवृत्ती घ्यावी, तिच्यात ‘तऱ्हा’, ‘कर्तृत्व’, ‘दुसऱ्यांच्या’ असे शब्द असलेले एक पान लावून पीडीएफ काढावी, त्या पीडीएफमध्ये हेच शब्द शोधून सापडतात का ते पाहावे आणि मगच वर्गणी भरावी.